खाजणातल्या खांबाचं गणित

मिलिंद,

मंजिरीला भेटायला येणाऱ्यांची रीघ आता थांबली. ओटीवर मांडलेल्या खुर्च्या ज्याच्या त्याला परत गेल्या. इतके दिवस लोक यायचे, मंजिरीजवळ बसायचे, मग तुझ्या दादाजवळ. मी चहा घेऊन बाहेर आले की कुणीतरी हळूच विचारायचं, "या कोण?" "मोठ्या वहिनी," असं उत्तर मिळालं की मान हलायची आणि कप उचलला जायचा. त्यांचं काही चुकत नव्हतं. दीर गेल्यावर वहिनीनं चहा करायचा, जेवणावळीचं बघायचं, जावेला धरून बसायचं. ते सगळं मी केलं. पण माझं काय गेलं ते कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. "आम्ही दोघं अँटेनाच्या जमिनीवरून भांडायचो," असं दुःखाच्या घरात कसं सांगणार?

म्हणून तुलाच सांगते.

मी जळगावहून लग्न होऊन चिंचणीला आले तेव्हा तू पालघरच्या कॉलेजात जात होतास. गणितातली एम.एस्सी. म्हणून माझं घरात कौतुक होतं, पण ते नव्या भांड्यांचं असतं तसं. काढून दाखवायचं आणि परत वर ठेवायचं. वाडी, माणसं, सणवार, पुढे पोरं, यांत त्या पदवीचं नाव कुणी घेईनासं झालं. मीही घेईनाशी झाले. तू तोवर बोईसरच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात लागलास आणि हौशी रेडिओचं लायसन काढून मधल्या खोलीत यंत्रांचा पसारा मांडलास. त्या खोलीतून दिवसभर खरखर यायची आणि आई म्हणायच्या, "याचं लग्न झालं की हे बंद होईल." लग्न झालं, खरखर काही बंद झाली नाही.

एका दुपारी मी सुकट निवडत बसले होते. तू एक इंग्रजी पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आलास आणि माझ्यासमोर पाटावर बसलास.

"वहिनी, तू एम.एस्सी. ना?"

"होते."

"मग हे बघ. जमिनीवर अँटेनाचा उभा खांब आहे, त्यातून लहर निघते. दूरवर ती किती जोरात पोचेल ते काढायचंय. पुस्तक म्हणतं, जमीन म्हणजे आरसा समजा. खाली तसाच एक उलटा खांब आहे असं धरा आणि दोघांची बेरीज करा. मी केली. उत्तर येतं भरपूर, आणि सातपाटीला जनूभाऊला मात्र माझा आवाज पोचत नाही."

जनूभाऊ तुझ्याहून वयानं मोठा, सातपाटीच्या मच्छीमार सोसायटीत कामाला, आणि तुझ्या नादानं रेडिओवाला झालेला. मी त्याला तोवर पाहिलंही नव्हतं.

"मग जमीन आरसा नसेल," मी म्हटलं.

मी ते सहज बोलले होते. तू मात्र पुस्तकाचं पुढचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलंस. तिथे एक इंटिग्रल होतं. शून्यापासून अनंतापर्यंत जाणारं, वाटेत हेलकावे खाणारं, आणि एका जागेच्या जवळ गेलं की आकडा फुटून हाताबाहेर जाणारं. मी हात धुतले. हाताला सुकटीचा वास तसाच होता. पेन्सिल घेतली आणि संध्याकाळचा स्वयंपाक उशिरा झाला.

तुला तेव्हा मी समजावलं ते आठवतं. खांबातून लहर सगळ्या कोनांत निघते. जमिनीवर ज्या कोनात ती पडेल त्याप्रमाणे थोडी परत फिरते आणि थोडी जमीन गिळून टाकते. कोरडी रेताड जमीन एक प्रकारे गिळते, खारट चिखल दुसऱ्या प्रकारे. त्या सगळ्या कोनांची बेरीज म्हणजे हे इंटिग्रल. दूर गेल्यावर जमिनीलगत सरळ आलेली लहर आणि परतून आलेली लहर एकमेकींना जवळजवळ खोडून टाकतात. उरते ती जमिनीला चिकटून सरपटत जाणारी लहर, आणि तुझा जनूभाऊ तिच्याच भरवशावर बसलेला आहे. आता ही बेरीज सरळ रेषेत चालत केली तर त्या फुटणाऱ्या जागेशी ठेच लागते. म्हणून वाट वाकवायची, त्या जागेला वळसा घालून पलीकडे निघायचं. असा वळसा घालायला मी एम.एस्सी.ला शिकले होते. परीक्षेपुरतं शिकले होते. तो कधी कुणाच्या आवाजासाठी लागेल असं वाटलं नव्हतं.

तू म्हणालास, "म्हणजे वाटेत खड्डा आहे म्हणून आपण शेतातून जायचं."

"साधारण तसंच."

"आणि पोचतो तिथंच?"

"तिथंच."

तू हसलास. त्या दिवसापासून मी परत गणिताची झाले, मिलिंद. हे तुला मी कधी म्हटलं नाही.

तुझ्या जुन्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला मी तुझ्याकडूनच शिकले. त्याला जमिनीची माहिती द्यावी लागायची, ती वीज किती वाहू देते ते. त्यासाठी तू वाडीभर चार सळया एका ओळीत ठोकत फिरायचास. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोघींत मोजायची. माडाच्या आळ्यात सळई ठोकलेली पाहून आई चिडल्या. "झाडाला शॉक देतोस काय?" तू त्यांना शांतपणे समजावत होतास आणि मी खिडकीत उभी राहून हसू आवरत होते. आकडे आले ते वाईट होते. वाडीतली रेताड जमीन लहरीतला बराचसा जोर खाऊन टाकत होती.

मग आपला पहिला मोठा वाद झाला. तुला खांब घराच्या गच्चीवर न्यायचा होता. सगळे सांगत होते, जितकं उंच तितकं बरं. मी म्हणत होते, या लहरीला उंचीपेक्षा पायाखालची जमीन महत्त्वाची आहे. खांब खाली ने, खाडीच्या बाजूला, खाजणाच्या बांधावर. तिथं खालचा चिखल खारा आहे आणि पुढे सातपाटीपर्यंत बहुतेक समुद्रच.

"चिखलात खांब? लोक वेडा म्हणतील."

"लोक रेडिओवर बोलत नाहीत. तू बोलतोस."

"तुझं गणित चुकलं तर?"

"तर गच्चीवर ने. मी स्वतः दोर धरीन."

तू बरेच दिवस टाळलंस आणि मग एका रविवारी दादाला आणि मला घेऊन तो अॅल्युमिनियमचा खांब बांधावर उभा केलास. बुंध्याशी तारा पसरल्या, त्या चिखलात बुडाल्या, आणि त्यांच्यावर चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या येऊन बसल्या. तू माइक उचलून जनूभाऊला हाक मारलीस. उत्तर लगेच आलं, इतकं स्पष्ट की दादासुद्धा दचकला.

"मिलिंदभाऊ, आज कुठून बोलतो? शेजारच्या घरातून बोलल्यासारका आवाज हाय."

तू माझ्याकडे पाहिलंस. माझ्या हातात थर्मास होता तो घेतलास आणि मला चहा ओतून दिलास. तेवढं मला पुरलं होतं.

त्या खांबाचं मोल कळलं ते वादळाच्या दुपारी. वीज आधीच गेली होती, मग मोबाइलही गेले. सातपाटीच्या सगळ्या बोटी परतल्या होत्या, एक परतली नव्हती. जनूभाऊचा मेव्हणा त्या बोटीवर होता. ती बोट वाऱ्यानं उत्तरेकडे ढकलली जाऊन आपल्या खाडीच्या तोंडाशी येऊन लागली होती, हे चिंचणीत आपल्याला माहीत होतं. तिकडे सातपाटीत बायका किनाऱ्यावर उभ्या होत्या आणि त्यांना हे कळायला कुठलाही मार्ग नव्हता. रस्त्यावर झाडं पडलेली. तू ट्रकची बॅटरी घेऊन बांधावर गेलास. मी ताडपत्री धरायला आले. खांब वाकत होता, तारा पाण्याखाली होत्या, आणि तू ओरडून बोलत होतास.

जनूभाऊचा आवाज आला.  तो म्हणाला, "मानसं सगळी हायत?"

"सगळी आहेत. आमच्या घरी कपडे बदलून बसलीत. तुझा मेव्हणा जेवतोय."

 मग तो म्हणाला, "परत एकदा सांग." तू परत सांगितलंस. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं आणि तू तिसऱ्यांदा सांगितलंस, तितक्याच सावकाश. वाडीतल्या खांबानं ते बोलणं तिथवर नेलं नसतं. हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं.

पुढे तुझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. तू माइकसमोर उभा राहिलास. रेडिओच्या माइकवर तासन्‌तास बोलणारा तू, तिथं तुझी जीभ जड झाली. "घरच्यांनी मदत केली," एवढं म्हणून तू खाली उतरलास. मी बायकांच्या रांगेत बसले होते. शेजारची म्हणाली, "तुमचे दीर किती साधे आहेत." मी हो म्हटलं. 'मदत' हा शब्द मला पुढे फार दिवस बोचत राहिला. तुला सांगितलं नाही. काय सांगायचं होतं, की माझंही नाव घ्यायला हवं होतंस? दिराकडून असं मागून घेतात का?

त्यानंतरचा वाद अर्धाच राहिला. या हिवाळ्यात खांब लहरी झाला. एके दिवशी जनूभाऊला आवाज उत्तम, दुसऱ्या दिवशी निम्मा. मी म्हणत होते, ही भरती-ओहोटी आहे. आपल्याकडे समुद्र ओहोटीला केवढा लांब जातो, मागे निथळलेली वाळू उघडी पडते. म्हणजे लहरीच्या पायाखालची जमीनच बदलते. गणितात मी एकच जमीन धरली होती, दोन धरायला हव्यात. तू म्हणत होतास, जमिनीला कशाला दोष, खांबाच्या बुंध्याशी केबल जोडली आहे त्या कनेक्टरला खार चढला असणार. मी म्हणायचे, खार चढला तर आवाज रोजच कमी यायला हवा, कधी कमी कधी जास्त कसा? तू म्हणायचास, ओल धरली की कमी, वाळली की जास्त. दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं, म्हणून वाद रंगला होता. जेवताना, वाडीत, तू गाडी काढताना. मंजिरी म्हणायची, "तुम्हा दोघांना दुसरं काही सुचत नाही का?"

त्या सकाळीही दारात तेच. तू डबा घेऊन निघाला होतास. मी म्हटलं, "पूर्ण भरती मोजल्याशिवाय मी कनेक्टर उघडू देणार नाही." तू चप्पल चढवत म्हणालास, "आणि मी कनेक्टर उघडल्याशिवाय भरती मोजणार नाही. रविवारी बघू." संध्याकाळी कारखान्यातून आलास, हातपाय धुतलेस, छातीत दुखतंय म्हणालास. बोईसरच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत तू दादाच्या खांद्यावर मान टाकली होतीस. म्हणजे तुझं माझं शेवटचं बोलणं एका कनेक्टरवरून झालं. लोक शेवटच्या बोलण्यात काय काय आठवतात. मला हे आठवतं, आणि खरं सांगू, मला ते आवडतं. तू माझ्याशी नेहमीसारखाच बोलून गेलास.

बारावं झाल्यावर जनूभाऊचा फोन आला.

"वयनी, उद्या सकाळी रेडिओ लावून ठेव. आमी सगळे मिलिंदभाऊसाटी येनार हाय."

मी तुझ्या खोलीत बसले. थोड्या वेळानं मंजिरी आली आणि दाराशी थांबली. "येऊ का?" तिनं मला विचारलं. तुझ्या खोलीत यायला तिनं माझी परवानगी मागावी याचं मला कसंतरीच झालं. मी तिला तुझ्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले.

एकेक जण आपलं चिन्ह, लायसनबरोबर मिळालेलं ते अक्षरांचं नाव, सांगून बोलत होता. कुणी नागपूरचे, कुणी वलसाडचे, एक केरळमधले हिंदीत. मला वाटलं होतं, माणूस चांगला होता वगैरे म्हणतील. म्हणालेही. मग नागपूरचे वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मी त्याला सांगायचो, आरशाचं सूत्र वापर, लगेच उत्तर येतं. तर म्हणायचा, आमच्या घरी वहिनीसमोर आरशाचं नाव काढायची सोय नाही."

मंजिरीनं माझ्याकडे पाहिलं.

केरळवाले म्हणाले, "मुझे ग्राउंड वेव उनकी भाभी ने सिखाया. मिलिंदभाई बोलते थे, भाभी ने कल मुझे समझाया, आज मैं आपको समझाता हूँ."

मग परत नागपूरचे. "सत्काराच्या संध्याकाळी तो इथं रेडिओवर आला होता. खूश नव्हता. म्हणाला, माझ्याकडून आज नीट बोलणं झालं नाही. मी फक्त खांब उभा केला, तो कुठे उभा करायचा ते वहिनीनं काढलं, आणि तिचं नाव घ्यायचं राहून गेलं."

मिलिंद, तेव्हा मला पहिल्यांदा तुझा राग आला. तू गेल्यापासून मी रडले होते, दमले होते, पण रागावले नव्हते. तीन राज्यांतल्या माणसांना तू हे सांगितलंस, आणि मधल्या दाराच्या पलीकडे पोळ्या लाटत असलेल्या मला नाही सांगितलंस. किती पावलं होती रे? मग राग उतरला, कारण माझ्या लक्षात आलं की मीही त्याच दाराच्या अलीकडे तितकीच गप्प होते.

शेवटी कुणीतरी विचारलं, वहिनी ऐकत आहेत का. माइक माझ्या हाताशी होता. माझ्याकडे लायसन नाही. इतकी वर्षं लहरी कुठवर जातील ते मी काढत आले, पण त्यांच्यावर बसून माझा एक शब्द कधी गेला नाही.

जनूभाऊ मध्ये बोलला. "वयनी ऐकते हाय. मला ठाऊक हाय. तिला बोलता येनार नाय." मग सगळे काही काळ थांबले. नुसती खरखर येत राहिली. मंजिरीनं माझा हात धरला, तो रेडिओ बंद झाल्यावरही सोडला नाही.

त्यानंतर मी ठरवलं की भरती मोजायची. मला प्रसारण करता येत नाही, पण ऐकता येतं. आणि इकडून तिकडे जाणारी लहर आणि तिकडून इकडे येणारी लहर, गणिताला दोन्ही सारखीच. जनूभाऊनं सातपाटीहून ठरलेल्या वेळी आपलं चिन्ह पाठवत राहायचं, मी बांधावर बसून मीटर वाचायचा. दादानं छत्री रोवून दिली, पाणी ठेवलं आणि म्हणाला, "मी थांबू का?" मी नको म्हटलं. तो थांबला असता तर त्याला समजावत बसावं लागलं असतं, आणि तेवढं त्राण माझ्यात नव्हतं.

सकाळी पाणी तिवरांच्या मुळांशी होतं. ते हळूहळू मागे सरलं, वाळू उघडी पडली, पार दूर समुद्राची नुसती रेघ उरली. काटा पाण्यामागोमाग खाली जात होता. दुपारनंतर पाणी वळलं तसा काटाही वळला. दोन जमिनी धरून केलेल्या माझ्या नव्या गणितानं सांगितलं होतं जवळजवळ तसाच. मी एकटीच होते, तरी "बघ" असं मोठ्यानं म्हणाले. मग आकडे नीट पाहिले. चढउतार माझा होता, पण सगळेच आकडे असायला हवेत त्यापेक्षा थोडे कमी होते. भरतीतही कमी, ओहोटीतही कमी, सारखेच. जमीन असं करत नाही. मी बुंध्याशी वाकले, पकडीनं कनेक्टर सैल केला. आत हिरवा खार साचला होता.

मी मोबाइलवरून जनूभाऊला फोन लावला. त्यानं विचारलं, "काय निघालं?"

"भरतीचंही आहे आणि कनेक्टरचंही आहे."

"मंजे तुजंबी बरोबर, मिलिंदभाऊचंबी बरोबर."

"हो."

 मग म्हणाला, "मंग आता तू भांडशील कुनाशी, वयनी?"

मी कनेक्टर पुसून परत आवळला. त्यानं फोन तसाच चालू ठेवला. पाणी तारांवर चढलं होतं आणि काटा वर जाऊन स्थिर झाला होता. वाद मिटला, मिलिंद. मिटायला नको होता.